तिसऱ्या माळेचे पेशंट

नवरात्र बसलं की बालाघाटातल्या दारूच्या दुकानांपुढची गर्दी विरळ होते आणि आमच्या दवाखान्यातला पुरुषांचा मेडिकल वॉर्ड भरू लागतो. बाहेरच्या माणसाला हे नवल वाटेल. दारू बंद झाली तर पेशंट कमी व्हावेत, निदान नऊ दिवस तरी सिस्टरला गरम चहा मिळावा, असं कोणीही म्हणेल. नवी होते तेव्हा मीही तेच म्हणत होते. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घट बसले ना? आता तिसऱ्या माळेची वाट पाह्य. पलंग कमी पडतीन." घटावर रोज एक माळ चढते आणि आमच्याकडे दिवसही माळेनंच मोजतात. तिसरी माळ आली आणि पलंग खरंच कमी पडले. दोघांना तर खाली गादी टाकून सलाईन लावली.

त्या वॉर्डात मी जवळजवळ सगळी नोकरी काढली. बदलीसाठी अर्ज केले नाहीत असं नाही. पण बाळंतिणींच्या वॉर्डात जायला सगळ्या तयार आणि दारुड्यांच्या वॉर्डात यायला कोणी नाही, त्यामुळे माझ्या जागेवर कधी कोणाची नजर पडली नाही. आता रिटायर झाले आहे. माझं माहेर गोंदियाकडचं. लग्न झालं आणि राजेगावची सीमा ओलांडून इकडे मध्य प्रदेशात आले. इथे शेजारी हिंदी, दुकानदार हिंदी, मुलाची शाळा हिंदी. मराठी बोलायला मिळायचं ते वॉर्डात, सीमेवरच्या गावांतून आलेल्या पेशंटांशी. पुढे मिस्टर गेले, मुलगा हैदराबादला नोकरीला लागला, माझी नोकरी संपली, आणि एक दिवस लक्षात आलं की आठवडाभरात मी मराठीत बोलले ती फक्त दारात येणाऱ्या मांजरीशी. तीही अर्धवट ऐकून निघून गेली.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला, म्हणाले, दारूचे शरीरावर होणारे परिणाम यावर लिहा. मी म्हटलं, अहो, ते तर बाटलीवरच छापलेलं असतं आणि बाटली रिकामी झाल्याशिवाय कोणी वाचत नाही. ते हसले आणि म्हणाले, तुम्ही पाहिलेलं लिहा. पाहिलेलं पुष्कळ आहे. त्यातलं एकच सांगणार आहे, पण आधी थोडा आमचा धंदा समजून घ्या.

दारू पोटातून रक्तात आणि रक्तातून डोक्यात जाते, ती झपाट्यानं. धुऊन काढायचं काम लिव्हरचं, आणि लिव्हरला घाई चालत नाही. घरचे लिंबू पाजतात, ताक पाजतात, डोक्यावर बादली ओततात. माणूस ओला होतो, लिव्हर आपल्याच चालीनं चालतं. रोज त्याच्यावर असा भार टाकला की आधी त्यावर चरबी चढते, मग ते सुजतं, मग हळूहळू आवळून कडक होत जातं. आणि एवढं होईपर्यंत ते सहसा दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. दुखलं असतं तर निम्मे लोक वेळेवर आले असते. आमच्याकडे येतात तेव्हा डोळे हळदीसारखे, पोटात पाणी भरून नगारा आणि हातापायाच्या काड्या. काहींच्या अन्ननळीतल्या शिरा फुगून फुटतात आणि रक्ताची उलटी होते. ती एकदा पाहिली की सिस्टरसुद्धा त्या दिवशी डबा उघडत नाही.

परसवाड्याकडचा एक म्हातारा मला दर खेपेला बजावून सांगायचा, "बाई, मी इंग्रजीले हात नाही लावत. घरची मोहाची. शुद्ध." मी म्हणायची, "बाबाजी, लिव्हरले घरचं-बाहेरचं समजत नाही. त्याच्यासाठी सगळे पाहुणे सारखे." तो माझ्याकडे असा बघायचा, जसं मी त्याच्या खानदानाबद्दल बोलले.

पायांचे तळवे जळतात, चाल बिघडते, आठवण जाते. दारू पोट भरते पण पोसत नाही, आणि जीवनसत्त्वाविना मेंदू उपाशी राहतो. एक पेशंट मला रोज सकाळी सांगायचा की काल संध्याकाळीच तो नागपूरहून संत्री घेऊन आला. कित्येक दिवस तो पलंगावरून उठला नव्हता. पण तो खोटं बोलत नव्हता. आठवणीला भोक पडलं की माणूस हाताला लागेल ते ठिगळ लावतो आणि त्याला ते स्वतःचंच कापड वाटतं. मी त्याला विचारायची, "मंग एक संत्रं द्या की." तो उशीखाली हात घालायचा आणि ओशाळून म्हणायचा, "पोरायनं खाल्ले वाट्टे."

पण या रोगाचा सगळ्यात वाईट परिणाम मी लिव्हरवर पाहिला नाही, पलंगाशेजारच्या स्टुलावर पाहिला. माणूस पहिल्यांदा भरती होतो तेव्हा ट्रॅक्टर भरून लोक येतात, वॉर्डात उभं राहायला जागा नसते, मी ओरडून ओरडून त्यांना बाहेर काढते. पुढच्या खेपेला बायको आणि भाऊ. त्याच्या पुढच्या खेपेला एकटी बायको, तीही दुपारी डबा ठेवून जाते. आणि मग एक खेप अशी येते की अँब्युलन्सवाले उतरवून जातात आणि स्टूल रिकामं. मी कोणाच्या घरच्यांना दोष देत नाही. दारुड्याच्या घरात राहून पाहावं, मग बोलावं. पण रिकाम्या स्टुलाकडे बघणाऱ्या माणसाची नाडी मोजायला हात धरला की तो आमचा हात लवकर सोडत नाही, हे मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

आता तिसऱ्या माळेचं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या जोराला उलट जोर लावून उभा असतो. दाराच्या एका बाजूनं कोणी ढकलत असेल तर दुसऱ्या बाजूनं आपण अंग टाकून दार धरतो, तसा. पलीकडचा माणूस एकदम बाजूला झाला तर काय होईल? आपण दारासकट तोंडावर पडू. दारू एकदम तोडली की मेंदू असा पडतो. आधी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. दुसऱ्या दिवसापर्यंत फिटही येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेलं दिसू लागतं, ऐकू येतं, अंग तापतं, छाती धडधडते. दवाखान्यात आणलं तर बहुतेक वाचतात. नाही आणलं तर काही मरतात. दारू पिऊन मरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू एकदम सोडूनही मरतात, हे सांगितलं तर लोकांना वाटतं सिस्टर दुकानदाराला मिळालेली आहे.

नवरात्रात वर्षभराचे पिणारे घटस्थापनेला दारू तोडतात. देवीचा धाक मोठा. आणि मग तिसऱ्या माळेला घरात एक माणूस थरथर कापतोय, डोळे फिरवतोय, कोपऱ्यातल्या कोणाशी तरी बोलतोय. सांगा, आमच्याकडच्या गावात लोक याला काय म्हणतील?

शालिक मला अशाच एका तिसऱ्या माळेला भेटला. लालबऱ्याच्या एका राइस मिलमध्ये तो मिस्त्री होता. मशीन अडलं की मालक आधी त्याला शोधायचा, मग मशीनकडे बघायचा. त्याला सकाळी उठल्या उठल्या एक ग्लास लागायचा, नाहीतर हातात पाना धरवत नसे. लोकांना वाटतं, प्यायला की हात थरथरतो. शालिकचा उतरली की थरथरायचा. त्या वर्षी त्याच्या थोरल्या भावानं, डोमानं, त्याला घटावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. शालिक शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या माळेच्या संध्याकाळी त्याला फिट आली. तिसऱ्या माळेला सकाळी तो भिंतीकडे बोट करून बोलू लागला आणि अंग असं कापायला लागलं की खाट हलत होती. कोणी तरी बाई म्हणाली, माय आली, देवी अंगात आली. झालं. त्याला पाटावर बसवलं, कपाळभर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढे लिंबू आणि दिवा. गावातल्या भगतानं सांगितलं, मायला पाणी नाही, दवा नाही. लोक पाया पडून प्रश्न विचारू लागले आणि तो उत्तरं देत होता. दुपारनंतर अंग तव्यासारखं तापलं, शब्द फुटेना आणि तो आडवा झाला, तेव्हा डोमा घाबरला आणि छोट्या ट्रकमध्ये घालून घेऊन आला.

वॉर्डात आम्ही त्याला घेतलं तेव्हा माळ गळ्यातच होती. मी ती काढायला लागले तर डोमा ओरडला, "बाई, हात नोका लावू!" मी म्हटलं, "मायले सांगा, सिस्टरले नाडी पाहाची हाय. ती नाही म्हननार नाही." आमचा घरोबा बुद्धाशी. देवीशी माझं भांडण नाही, ओळखही नाही. माळ काढून खिडकीत ठेवली. आधी बी-वनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. उपाशी मेंदूला आधी नुसती साखर दिली तर उरलंसुरलं जीवनसत्त्वही तिच्यातच खपतं, म्हणून हा क्रम चुकवायचा नसतो. मग शांत करणारी इंजेक्शनं, डॉक्टरांनी मोजून दिलेली. सुई उपटू नये म्हणून मनगटाला मऊ पट्टी बांधली. दोन-तीन दिवस तो नसलेल्या मुंग्या झटकत होता आणि कोणाकोणाला आशीर्वाद देत होता. मलाही दिला. मग एक दिवस डोळे उघडून त्यानं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पाणी मागितलं. मी मनातल्या मनात म्हटलं, आले परत.

सुटी व्हायच्या आदल्या दिवशी मी त्याची सुई काढत होते. तो म्हणाला, "बाई, एक इचारू का?"

"इचारा."

"तुमी मले वापस काहून आनलं?"

मला वाटलं अजून डोकं ठिकाणावर नाही. पण तो अगदी शुद्धीत होता. म्हणाला, "मले सगळं याद नाही. पन एवढं याद हाये, सरपंच माह्या पायावर डोकं ठेवून होता. डोमादादा हात जोडून उभा होता. त्यानं मले कुत्र्यासारखं अंगनात जेवू घातलं हाये, बाई. माही बायको समोर बसून माह्याकडे पाहून राह्यली होती. किती सालानं पाह्यलं तिनं माह्या तोंडाकडे."

मी त्याला सुईच्या जागी कापूस दाबून धरायला सांगितलं.

पुढच्या नवरात्रात तिसऱ्या माळेला शालिक परत आला. माळ, कुंकू, ताप, सगळं तसंच. फिट मात्र एक नव्हती, एकामागून एक होत्या. मी त्याच्या बायकोला विचारलं, "शपथ पुन्हा घेतली होती का?" ती म्हणाली, "नाही जी. यंदा कोनीच काही म्हनलं नाही. सालभर पेत होते. घट बसले त्या दिसी आपल्याच मनानं ग्लास पालथा ठेवला."

तेव्हा मला उलगडलं. हा माणूस दारू सोडत नव्हता. तो देवीला बोलावत होता. वर्षभर प्यायची, कोणी दारात उभं करत नाही ते सोसायचं, आणि नवरात्रात एकदम तोडायची म्हणजे तिसऱ्या माळेला एक दिवस सगळं गाव पायाशी. त्याला हे असं शब्दांत मांडता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण मशीनचा माणूस होता. काय बंद केलं की काय हलू लागतं, हे त्याला एका वर्षात कळलं होतं. त्याला हे कळलं नव्हतं की दर वेळी असं तोडल्यावर पुढचा झटका आधीपेक्षा मोठा होत जातो. डॉक्टरांनी मला सांगितलं, "सिस्टर, एखाद साल ये वापस नहीं आएगा." मी घरी येऊन जेवले नाही. पेशंट घरी आणायचा नाही, हा नियम मी सगळ्या नव्या पोरींना शिकवला, आणि हा पेशंट मात्र माझ्या घरात येऊन बसला.

त्याची बायको पंचफुला. काटक, कमी बोलणारी, डोळ्याला डोळा भिडवून पाहणारी. मी तिला वॉर्डाच्या व्हरांड्यात बसवून समजावलं: दार, ढकलणारा, मेंदू, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुमी बुद्धाच्या. तुमाले माय कशी दिसन?"

"नाही दिसत," मी म्हटलं. "पन फिट दिसते. माय येत असन तं येऊ दे. फिट ती माय नोहे."

ती मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, तिसऱ्या माळेले माय त्यायच्या तोंडून बोलली. मले म्हने, या मानसाच्या हातून तुले लय तरास झाला, मी पाहून राह्यली. असं म्हनली. सारं गाव ऐकत होतं. लग्नाले एवढे साल झाले, यायनं असं कवा म्हनलं नाही. पेल्यावर शिव्या, उतरल्यावर मुकं. हे बोलनं तिसऱ्या माळेलेच भेटते मले."

मला आठवणीच्या ठिगळांबद्दल सांगता आलं असतं. तापात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. कारण मला ते खरं वाटत नव्हतं. ते वाक्य तापातून आलं असेल, पण होतं ते शालिकचंच. शुद्धीत त्याला ते म्हणायची लाज वाटत होती आणि नशेत त्याची आठवण राहत नव्हती. देवीच्या आडून ते बाहेर आलं. आता त्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की असल्या बोलण्याचा नाद सोड?

त्यानंतर मी रिटायर झाले. वॉर्डात हार घातला, शाल दिली, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं तयार होऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. रिकाम्या घरात माणूस विचार करतो. नवरात्र जवळ येऊ लागलं तसा मला शालिक दिसू लागला. शेवटी पितृपक्षात मी लालबऱ्याची बस धरली आणि विचारत विचारत त्याच्या गावी गेले.

तो ओसरीवर बसला होता. दुपारची वेळ, एक ग्लास पोटात गेलेला, म्हणून हात स्थिर. मी सरळच सांगितलं, "शालिकभाऊ, यंदा घट बसाच्या आधी दवाखान्यात चाला. डॉक्टर दवाईनं हळूहळू उतरवतीन. थरथर येनार नाही. फिट येनार नाही. अशी एकदम तोडाल तं मराल."

तो हसला. "मंग तिसऱ्या माळेले मी काय करू?"

माझ्याजवळ याचं औषध नव्हतं. माणूस मरायला भीत नाही असं नसतं, पण त्याला जगण्याच्या बदल्यात काय मिळणार ते तर कळायला हवं ना. मी त्याला काय देऊ करत होते? ओसरी, भात, आणि त्याच्याशी न बोलणारं गाव.

पंचफुला चुलीपाशी होती. तिथूनच तिनं विचारलं, "बाई, दवाईनं थरथर थांबली तं माय नाही येनार?"

"थरथर नाही येनार," मी म्हटलं.

"तेच म्हनते मी." ती उठून दारात आली. "मले नवरा पायजे का माय पायजे, असंच इचारून राह्यल्या ना तुमी?"

ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती बाहेर आली तेव्हा हातात थैली होती, तिच्यात शालिकचे दोन शर्ट, टॉवेल आणि तांब्या. "चाला," ती म्हणाली, त्याला की मला कोण जाणे. शालिक तिच्याकडे बघतच राहिला आणि मग चपला शोधू लागला.

ते गेल्या वर्षीचं. औषधं देत, कमी करत, डॉक्टरांनी त्याला सहीसलामत उतरवलं. तिसऱ्या माळेला मी भेटायला गेले तर गेटवरच्या नव्या माणसानं मला अडवलं, "माताजी, मिलने का टाइम चार बजे." ज्या वॉर्डातून मी जन्मभर लोकांना हाकललं, त्याच्या बाहेर बाकावर बसून राहिले. आत गेले तेव्हा शालिक पलंगावर बसून खिचडी खात होता. हात हलत नव्हता. लांब कुठे तरी ढोल वाजत होते आणि तो मधून मधून दाराकडे पाहत होता. पाया पडणाऱ्यांपैकी कोणी आलं नाही. पंचफुला सकाळी येऊन गेली होती, तिला घरी घटाचं पाहायचं होतं. मी स्टुलावर बसले आणि आम्ही मिलमधल्या मशीनबद्दल बोललो. मला त्यातलं काही कळत नाही.

तेव्हापासून त्यानं घेतली नाही. हे मी अभिमानानं सांगते, कारण आमच्या धंद्यात असं म्हणायची पाळी फार कमी येते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, वजन वाढलं, लिव्हर थोडं भरून आलं. लिव्हर फार क्षमाशील अवयव आहे. पार कडक व्हायच्या आत सोडलं तर पुष्कळ विसरून जातं. गाव तसं नाही. गावात म्हणतात, माय रुसली शालिकवर. यंदा ती डोमाच्या सुनेच्या अंगात येते. ती पोरगी दारू पीत नाही, तेव्हा ते माझ्या अभ्यासातलं नाही, मी बोलणार नाही. पंचफुला उन्हाळ्यात बाजाराला आली तेव्हा माझ्याकडे चहा प्यायली. म्हणाली, "दारू सुटली, बाई, तुमचे उपकार. पन बोलनंबी सुटलं. मिलमदून येते, जेवते, भिताडाकडे तोंड करून झोपते." दोष देत नव्हती, सांगत होती. ती गेल्यावर मी तिचा कप बराच वेळ विसळला नाही.

कोणी हे वाचून घरच्या माणसाची बाटली आजच फोडायला निघाला असेल तर थांबा. दारू सोडायलाच हवी, पण रोजच्या पिणाऱ्यानं डॉक्टरांना सांगून, त्यांच्या हाताखाली सोडावी. आणि सुटल्यावर त्याच्याशी बोलावं. यातलं दुसरं मी कोणत्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण लिहून ठेवते.

यंदा तिसऱ्या माळेला मला घरात बसवेना. शालिकनं तोडायला आता काही उरलं नव्हतं, पण न जाणो, पुन्हा धरली असेल आणि पुन्हा तोडली असेल तर? एका दिवसाच्या मानासाठी माणूस काय करेल, हे मी पाहिलं होतं. सकाळची बस धरली. वाटेत सगळे प्रश्न मनाशी लावून ठेवले: झोप येते का, तळवे जळतात का, भूक कशी आहे, हात पुढे करून दाखवा.

डोमाच्या घराकडून ढोल आणि बायकांचा आवाज येत होता. घट तिथेच बसतो आता. पंचफुला उपासाची, ती नवरात्रभर तिथेच असते. घरच्यांचं जेवणही तिथेच, पण शालिक त्या दारात पाय ठेवत नाही. तो आपल्या अंगणात एकटा बसून कानशीनं विळ्याला धार लावत होता. धान कापणीला आलंय. मी कुडाच्या बाहेर थोडी थांबले आणि आधी त्याचे हात पाहिले. कानस सरळ जात होती, सरळ येत होती. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानं मला पाहिलं, तसा लगबगीनं उठला. आतून खुर्ची आणली, गमछ्यानं पुसली, पाण्याचा तांब्या दिला. मग स्वतः माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, हात मांडीवर ठेवले, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, काही इचाराचं होतं का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. तिसऱ्या माळेला त्याच्या दारात जे कोणी आलं होतं ते प्रश्न घेऊनच आलं होतं. नुसतं भेटायला कोणी येतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. माझे झोपेचे, तळव्यांचे, भुकेचे सगळे प्रश्न मी बाजूला ठेवले.

"हौ," मी म्हटलं. "जेवले का तुमी?"

त्यानं डोळे मिटले. पाया पडणाऱ्यांना उत्तर द्यायच्या आधी घेत असेल तसा थोडा वेळ घेतला.

"नाही," तो म्हणाला. "कालबी नाही."

मी पदर खोचला आणि तांदळाचा डबा कुठे आहे ते विचारलं.